चौदा-ब

पहाटे साडेचार. उम्म अल क्वैनचा धक्का.
पिकअपच्या फळीवर जुना टॉवेल अंथरून
मी तीन रिळं मांडतो.
नावं नाहीत त्यांना अजून,
तळाशी मार्करने आकडे: अकरा, चौदा, चौदा-ब.
घानिम म्हणाला, सोमवारपर्यंत सांग कुठलं मागवायचं ते,
तीनशे नग. उगाच कविता नको, फॉर्म भर.

फॉर्मवर रकाने:
अंतर. ड्रॅग. आवाज. मीठ. शेरा.

अकरा जड आहे. आतून पितळ.
मूठ फिरवली की दाट, गुळगुळीत आवाज.
पहिली फेक छप्पन पावलं.
दुसऱ्या फेकीला शमाल तोंडावर आला,
आमिष हवेत थबकलं, स्पूल मात्र फिरतच राहिलं,
आणि अंगठा पाव क्षण उशिरा पडला.
गोरे याला पक्ष्याचं घरटं म्हणतात.
मला ती गुंतवळ वाटते,
आईच्या फणीतून निघायची तशीच,
टोक सापडत नाही तिचं.

चौदा हलकं. पेटीतल्या चित्रात फार देखणं.
दोन रात्री समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं,
न्हाणीघरातल्या एकुलत्या एका बादलीत.
मोहनन चिडला, मी आंघोळ कशात करू?
आता त्याचं बेअरिंग कुरकुरतं,
भातात खडा आल्यासारखं.
मीठ या रकान्यात शून्य लिहिलं.

राहिलं चौदा-ब.
याच्या पोटात चिप आहे.
स्पूल फिरलं की त्याच विजेवर ती जागी होते
आणि कुठे आवरायचं, किती, ते स्वतःच ठरवते.
वाऱ्यात फेकलं. वाऱ्याविरुद्ध फेकलं.
मुद्दाम वाकडं, मनगट आखडून फेकलं.
एकदाही नाही गुंतलं.
माझा अंगठा आपला वरच्या वर,
लग्नात कोणी ओळखत नसलेल्या पाहुण्यासारखा.

आचऱ्याच्या खाडीत बाबा
डालड्याच्या डब्याला गुंडाळलेली गरी सोडायचे.
दोरी बोलता, म्हणायचे, आंगठ्यान आयक.
बाकी काही शिकवलं नाही त्यांनी.
तेवढ्यावर मी इथे अकरा वर्षं
दुसऱ्यांची रिळं तपासून पोट भरतो.

म्हणून शेऱ्यात लिहिलं:
हाताला काम ठेवत नाही. शिफारस नाही.
खाली रेघही ओढली.

खल्फान आला तेव्हा क्षितिज राखाडी होतं.
घडीची खुर्ची, थर्मास, हातातली साधी दोरी.
बरीच वर्षं बघतोय त्याला,
कधी नीट पाहिलं नव्हतं की
उजवा अंगठा पेरापाशीच संपतो.
खसबला, विंचमध्ये, दोर ओढताना.
तो हे असं सांगतो
जसं कुणी जुन्या घराचा पत्ता सांगावा.

सदीक, ये दिखाव, तो म्हणाला.
मी सवयीने अकरा उचललं,
मग खाली ठेवलं.

चौदा-ब त्याच्या हातात.
फेक गेली. आवाज जवळजवळ नाहीच.
लाल बोयाच्या पुढे कुठेतरी पाणी फुटलं.
तो त्या जागेकडे बघत राहिला.
मर्रा सानी, स्वतःशीच म्हणाला,
आणि पुन्हा फेकलं.
पुन्हा.
चहा थर्मासात तसाच.
मासा एकही लागला नाही,
कनाद नाही, शेरी नाही,
कोळंबी तेवढी कुणीतरी खाऊन गेलं.

ऊन वर आल्यावर
कंदुऱ्याच्या काठाने पुसून त्याने ते परत दिलं.
किंमत विचारली. मला माहीत नव्हती.

गाडीत बसून शेरा खोडला.
वर उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं:
झाकणाचा स्क्रू ढिला आहे. मागवा.

अकरा परत करायचंय सोमवारी.
खोलीत बसून, मोहननच्या टेबलफॅनखाली,
त्यातली गुंतवळ अजून सोडवतोय.